फॉर्ममधला रिकामा रकाना: सर्व्हरवर तपासायचा कसा आणि साठवायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गृहनिर्माण संस्थेच्या सभासद नोंदणीचा फॉर्म साध्या पीएचपीमध्ये लिहिलेला आहे. पर्यायी मोबाइल क्रमांक सोडून दिला की ‘क्रमांक चुकीचा आहे’ असा संदेश येतो. तळमजल्यावरचे सभासद मजल्याच्या रकान्यात ० लिहितात, तर ‘मजला भरा’ असे येते. आणि नावाच्या जागी नुसता स्पेसबार दाबला तरी फॉर्म बिनबोभाट जमा होतो.

तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. ‘हा रकाना रिकामा आहे का’ आणि ‘यात लिहिलेले बरोबर आहे का’ हे दोन प्रश्न कोडमध्ये एकाच अटीत कोंबले गेले आहेत. ते वेगळे करा, आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर साऱ्या फॉर्मसाठी एकाच फंक्शनमध्ये द्या. प्रत्येक रकान्यासाठी वेगळी अट लिहीत बसलात तर पुढचा रकाना वाढवताना चौथी तक्रार येणारच.

क्रम असा ठेवा. आधी किंमत उचला आणि ती खरोखर स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, आहे का ते बघा. मग ती स्वच्छ करा. मग रिकामी आहे का ते ठरवा. रिकामी असेल आणि रकाना आवश्यक असेल तर ‘भरा’ असा संदेश देऊन तिथेच थांबा. रिकामी असेल आणि रकाना ऐच्छिक असेल तर नल, म्हणजे ‘किंमतच नाही’ ही खूण, ठेवा आणि तिथेही थांबा. या चाळणीतून काही उरले तरच लांबी, आकडे, ईमेलचे रूप वगैरे तपासा. म्हणजे रूप तपासणारा कोणताही नियम रिकाम्या किमतीपर्यंत पोहोचताच कामा नये. एचटीएमएलने हेच तत्त्व पाळले आहे: ‘पॅटर्न’ आणि ‘मिनलेंग्थ’ हे गुणधर्म रिकाम्या रकान्यावर लागूच होत नाहीत, रिकामेपणाचा निवाडा फक्त ‘रिक्वायर्ड’ करतो. तुमच्या पर्यायी मोबाइलची तक्रार एवढ्याने संपते.

मजल्याची तक्रार पीएचपीच्या ‘एम्प्टी’ या फंक्शनमुळे आहे. ते रिकाम्या स्ट्रिंगबरोबर ‘०’ या स्ट्रिंगलाही रिकामेच समजते, आणि उलट तीन स्पेसना भरलेले समजते. फॉर्म तपासायला ते दोन्ही बाजूंनी निरुपयोगी आहे. त्याऐवजी स्वच्छ केलेली किंमत रिकाम्या स्ट्रिंगशी तीन बरोबरच्या चिन्हांनी ताडा. असाच सापळा ‘फिल्टर व्हार’ मध्ये आहे. पूर्णांक तपासायला ते वापरले आणि किंमत ‘०’ असेल तर ते शून्य परत देते. त्यापुढे उद्गारचिन्ह लावून ‘नाही तर चूक’ अशी अट लिहिली की तळमजला पुन्हा बाद. किंमत खरोखर चुकीची असेल तर ते ‘फॉल्स’ देते, म्हणून इथेही ‘फॉल्स’ शी काटेकोर तुलनाच हवी. जावास्क्रिप्टमध्ये गोष्ट थोडी वेगळी आहे: ‘०’ ही स्ट्रिंग तिथे खरी मानली जाते, पण शून्य ही संख्या खोटी. त्यामुळे दोन उभ्या रेघांचा ‘ऑर’ वापरून पर्यायी किंमत दिली तर शून्य हरवते. दोन प्रश्नचिन्हांची खूण फक्त नल आणि अनडिफाइन्ड (किंमत दिलेलीच नाही) यांवरच पर्याय घेते, म्हणून ती बरी.

आता ब्राउझर नेमके काय पाठवतो ते नीट माहीत हवे, कारण ‘रिकामे’ दोन रूपांत येते: नाव आले पण किंमत नाही, किंवा नावच आले नाही. मजकुराचा रकाना रिकामा सोडला तर नाव येते आणि त्यासोबत रिकामी स्ट्रिंग येते. खूण न केलेला चेकबॉक्स, एकही पर्याय न निवडलेला रेडिओचा गट आणि काहीच न निवडलेली बहुपर्यायी यादी यांचे नावही येत नाही. ‘डिसेबल्ड’ रकाना भरलेला असला तरी पाठवला जात नाही. ‘रीडओन्ली’ मात्र जातो. म्हणून सदनिका क्रमांक बदलू नये या हेतूने दुरुस्तीच्या फॉर्ममध्ये तो डिसेबल्ड केला आणि सर्व्हर नेहमीप्रमाणे सगळे रकाने अपडेट करत राहिला, तर सभासदाचा सदनिका क्रमांकच पुसला जातो. जो रकाना वापरकर्त्याने बदलायचा नाही तो फॉर्ममधून घेऊच नका. तो लॉगिनवरून किंवा डेटाबेसमधून घ्या.

ड्रॉपडाउनमध्ये एक चूक फार वेळा दिसते. पहिला पर्याय ‘मजला निवडा’ असा असतो आणि त्याला ‘व्हॅल्यू’ दिलेली नसते. तसे असेल तर ब्राउझर त्या पर्यायाचा मजकूरच किंमत म्हणून पाठवतो आणि डेटाबेसमध्ये कोणीतरी ‘मजला निवडा’ या मजल्यावर राहायला लागतो. त्या पर्यायाची व्हॅल्यू रिकामी स्ट्रिंग म्हणून लिहा. तिथे ० लिहू नका, कारण ० म्हणजे तळमजला. आणि आलेली किंमत तुमच्या यादीत आहे का हे सर्व्हरवर पुन्हा बघा.

स्पेसकडे वळू. ‘रिक्वायर्ड’ ला एक स्पेसही पुरतो, त्यामुळे नावाची तिसरी तक्रार ब्राउझर पकडणार नाही. पीएचपीचा ‘ट्रिम’, म्हणजे टोकांची मोकळी जागा काढणारे फंक्शन, साधा स्पेस, टॅब, नवी ओळ, नल बाइट एवढेच काढतो. वर्ड किंवा वेबपेजवरून चिकटवलेल्या मजकुरात येणारा न तुटणारा स्पेस, म्हणजे यू+००ए०, तो काढत नाही. जावास्क्रिप्टचा ट्रिम आणि पायथॉनचा स्ट्रिप हा स्पेस काढतात. जावाचा ट्रिम आणि जावा ११ मध्ये आलेला स्ट्रिप, दोघेही तो ठेवतात. म्हणजे ब्राउझरमध्ये रिकामे ठरलेले सर्व्हरवर भरलेले ठरू शकते. पीएचपी ८.४ मध्ये ‘एमबी ट्रिम’ आले आहे, ते हा स्पेस काढते. जुन्या आवृत्तीत युनिकोडची खूण लावलेली रेगेक्स, म्हणजे मजकुरात नमुना शोधणारी सूत्ररचना, वापरा. एक काळजी घ्या: आलेली स्ट्रिंग योग्य यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरे साठवण्याची पद्धत) नसेल तर रेगेक्सने बदल करणारे ‘पीरेग रिप्लेस’ नल देते आणि मोडका मजकूर ‘रिकामा’ म्हणून पुढे जातो. म्हणून आधी ‘एमबी चेक एन्कोडिंग’ ने तपासा आणि त्याची एरर वेगळी द्या.

न दिसणारी अक्षरे हा मराठी फॉर्ममध्ये खास लक्ष देण्याचा भाग आहे. शून्य रुंदीचा स्पेस यू+२००बी कोणताही नेहमीचा ट्रिम काढत नाही, त्यामुळे तो एकटाच रकान्यात असला तरी रकाना भरलेला दिसतो. यावर सापडणारे सर्रास उत्तर म्हणजे न दिसणारी सगळी अक्षरे मजकुरातून उडवून टाका. मराठीसाठी हे उत्तर चूक आहे. कऱ्हाडे, गोऱ्हे, कुऱ्हाडे या आडनावांतला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो: ऱ आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे यू+२००डी. दुसऱ्या प्रकारे टंकलेल्या आडनावातून जॉइनर उडवला की ‘कर्हाडे’ उरते, आणि भाग-प्रमाणपत्रावर तेच छापले जाते. म्हणून दोन वेगळी कामे करा. रिकामे आहे का हे ठरवण्यासाठी मजकुराची एक प्रत घ्या, तिच्यातून युनिकोडच्या ‘झेड’ गटातले विभाजक, ‘सीएफ’ गटातली न दिसणारी अक्षरे, टॅब आणि नव्या ओळी काढा, आणि काही उरते का बघा. साठवायला मात्र मूळ मजकूर वापरा. त्याच्या फक्त दोन्ही टोकांची मोकळी जागा काढा, मधल्या जॉइनरला हात लावू नका.

पासवर्डला यातले काहीच लावू नका. त्यातला स्पेस हा पासवर्डचा भाग असू शकतो. नोंदणीच्या वेळी ट्रिम केला आणि लॉगिनच्या वेळी नाही, तर तो माणूस कायमचा बाहेर.

मोबाइल क्रमांक तपासण्याआधी त्याला एका रूपात आणा: देवनागरी आकडे असतील तर ते इंग्रजी आकड्यांत बदला, स्पेस आणि जोडरेघा काढा, पुढचे +९१ किंवा ० काढा. मग नियम साधा आहे, १० आकडे आणि पहिला ६ ते ९ पैकी. देवनागरी आकड्यांचा मुद्दा सोडू नका. पायथॉनमध्ये अंक ओळखणारा रेगेक्स आणि पूर्णांकात बदलणारे फंक्शन दोन्ही ‘९८’ स्वीकारतात. जावास्क्रिप्टचा ‘नंबर’ त्याला संख्याच मानत नाही. पीएचपीमध्ये पूर्णांकात जबरदस्तीने बदलले तर ० मिळतो. या रकान्याला ‘नंबर’ प्रकार देऊ नका. त्या प्रकारात अर्धवट किंवा चुकीची संख्या टंकली, उदाहरणार्थ नुसती उणेची खूण, तर ब्राउझर जावास्क्रिप्टला रिकामी स्ट्रिंग देतो. फॉर्म जावास्क्रिप्टच्या ‘फेच’ ने पाठवत असाल आणि त्याआधी ‘चेक व्हॅलिडिटी’ बोलावले नसेल, तर वापरकर्त्याने काहीतरी लिहिलेले असूनही सर्व्हरला ते रिकामे दिसते. ‘टेल’ प्रकार किंवा साधा मजकूर आणि आकड्यांचा कीबोर्ड उघडणारा ‘इनपुटमोड’ पुरेसा आहे.

सगळ्यात महाग पडते ती रिकाम्या किमतीची गुपचूप झालेली संख्या किंवा तारीख. जावास्क्रिप्टमध्ये ‘नंबर’ ला रिकामी स्ट्रिंग दिली तर शून्य मिळते, आणि ‘इज नॅन’ ही तिला संख्या मानून पुढे सोडते. पीएचपीत रिकामी स्ट्रिंग पूर्णांकात बदलली तरी शून्यच. वाहनांची संख्या न सांगणारा सभासद ‘एकही वाहन नाही’ म्हणून नोंदला जातो आणि पार्किंगची यादी चुकते. तारखेचे तर त्याहून वाईट: पीएचपीमध्ये ‘डेटटाइम’ ला रिकामी स्ट्रिंग दिली की ते आजची तारीख आणि आत्ताची वेळ देते, आणि ‘स्ट्रटूटाइम’ चा फॉल्स तसाच ‘डेट’ ला दिला की १९७० सालची १ जानेवारी बाहेर येते. एरर कुठेच येत नाही. यादीत आज जन्मलेले किंवा १ जानेवारी १९७० ला जन्मलेले सभासद भरपूर दिसले की कारण शोधायला लांब जायला नको. प्रकार बदलण्याचे काम नेहमी रिकामेपणाच्या तपासणीनंतर करा, आधी कधीच नको.

जावास्क्रिप्टमधून पाठवताना आणखी एक जागा सांभाळा. ‘फॉर्मडेटा’ मध्ये नल घातला तर सर्व्हरला ‘नल’ असा चार रोमन अक्षरांचा शब्द मिळतो. अनडिफाइन्ड घातले तर तो पूर्ण शब्द मिळतो. जेसन या मजकुरी रूपात पाठवताना मात्र अनडिफाइन्ड असलेली किल्ली, म्हणजे रकान्याचे नाव, गळून पडते आणि नल नल म्हणूनच जातो. सर्व्हरवर ‘हा शब्द आला तर रिकामे समजा’ असा तोडगा काढू नका. ते कोणाचे खरे आडनावही असू शकते. पाठवण्याच्या जागी दुरुस्ती करा.

अटीवर अवलंबून असलेले रकाने घ्या. ‘वाहन आहे’ या चेकबॉक्सवर खूण केली तरच वाहन क्रमांक आवश्यक. बरेच जण क्रमांकाचा रकाना ‘रिक्वायर्ड’ ठेवून सीएसएसने लपवतात. मग खूण न करणाऱ्याने बटण दाबले की काहीच घडत नाही. ब्राउझरला लपलेला रकाना रिकामा दिसतो, तो तिथे फोकस नेऊ शकत नाही, आणि संदेशही दाखवू शकत नाही. फक्त कन्सोलमध्ये एक ओळ उमटते. लपवताना तो भाग ‘फील्डसेट’ मध्ये ठेवून फील्डसेट डिसेबल्ड करा, म्हणजे आतले रकाने तपासलेही जात नाहीत आणि पाठवलेही जात नाहीत. सर्व्हरवर हीच अट पुन्हा लिहा, आणि खूण नसताना क्रमांक आला असेल तर तो टाकून द्या.

दुरुस्तीच्या फॉर्ममध्ये चेकबॉक्सचा दुसरा त्रास होतो. खूण काढली तर नावच येत नाही, ‘जे आले तेच बदला’ असा कोड असेल तर ‘वाहन आहे’ कधीच ‘नाही’ होत नाही. चेकबॉक्सच्या आधी त्याच नावाचा लपलेला रकाना ठेवून त्याची किंमत ० द्या. एकाच नावाच्या दोन किमती आल्या तर पीएचपी शेवटची घेते, त्यामुळे खूण असेल तर १, नसेल तर ०. रुबी भाषेतल्या रेल्सचा चेकबॉक्स हेल्पर आपोआप हेच करतो. एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामने माहिती पाठवायचा मार्ग) असेल तर ‘किल्ली आली नाही’ म्हणजे हात लावू नका आणि ‘नल आला’ म्हणजे पुसा, हा फरक लेखी ठरवा. आरएफसी ७३९६ या मानकातल्या जेसन मर्ज पॅचची रीत हीच आहे.

काही वेळा रकाना रिकामा नसतोच, तो वाटेत गळतो. पीएचपीत ‘मॅक्स इनपुट व्हार्स’ ची मूळ मर्यादा १००० आहे. समितीने २५० सदनिकांची माहिती एकाच तक्त्यात, प्रत्येकी ५ रकान्यांनी, दुरुस्त करायला घेतली तर १२५० रकाने होतात आणि शेवटच्या सुमारे ५० सदनिका सर्व्हरवर पोहोचतच नाहीत. त्यांच्या जागी रिकाम्या किमती लिहिल्या गेल्या तर जुनी माहितीही जाते. तक्ता तुकड्यांत पाठवा, आणि शेवटी एक खुणेचा लपलेला रकाना ठेवून तो आला नाही तर काहीच जतन करू नका. तसेच जोडलेल्या फाइल्समुळे ‘पोस्ट मॅक्स साइज’, मूळ मर्यादा ८ एमबी, ओलांडली तर सगळेच रकाने रिकामे दिसतात. पोस्ट रिकामे आहे पण ‘कंटेंट लेंग्थ’ मोठी आहे असे दिसले तर ‘फाइल मोठी आहे’ म्हणा, वीस रकान्यांखाली ‘भरा’ म्हणू नका. फाइल न निवडल्याचा एरर क्रमांक ४ आहे. १ म्हणजे फाइल मर्यादेपेक्षा मोठी. दोन्हीला ‘फाइल जोडा’ हा संदेश देणे चूक.

आणि रकान्याच्या नावापुढे चौकटी कंस लावून कोणीही मुद्दाम अॅरे, म्हणजे किमतींची यादी, पाठवू शकतो. पीएचपी ८ मध्ये अॅरेवर ट्रिम चालवला की थेट टाइपएरर, आणि पान कोसळते. म्हणून पहिल्या पायरीत ‘स्ट्रिंग आहे का’ हे बघायला सांगितले.

डेटाबेसमध्ये नियम सोपा ठेवा: ऐच्छिक रकाना रिकामा असेल तर नल, रिकामी स्ट्रिंग नाही. ईमेलवर युनिक बंधन (एकच किंमत दोनदा चालणार नाही) असेल तर हे टाळताच येत नाही. ईमेल नसलेल्या पहिल्या सभासदाची रिकामी स्ट्रिंग साठते, दुसऱ्याच्या वेळी ‘हा ईमेल आधीच नोंदलेला आहे’ असे येते. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस युनिक स्तंभात कितीही नल चालवून घेतात; एसक्यूएल सर्व्हर एकच चालवतो, तिथे फिल्टर केलेला इंडेक्स लागतो. ओरॅकल रिकामी स्ट्रिंग आणि नल यांत फरकच करत नाही. मधल्या नावासाठीही नल बरा पडतो: मायएसक्यूएलचे ‘कॉन्कॅट डब्ल्यूएस’ नल गाळते पण रिकामी स्ट्रिंग गाळत नाही, त्यामुळे रिकामी स्ट्रिंग असेल तर नाव आणि आडनावात दोन स्पेस येतात. साधे ‘कॉन्कॅट’ मात्र एक नल मिळताच पूर्ण नावच नल करते, हे लक्षात ठेवा.

फ्रेमवर्क, म्हणजे कोडचा तयार सांगाडा, वापरत असाल तर त्याने यातले काय आधीच ठरवले आहे ते वाचा. पीएचपीचे लारावेल ५.४ पासून टोकांचे स्पेस काढून रिकाम्या स्ट्रिंगचे नल करते, म्हणून ऐच्छिक ईमेलला ‘नलेबल’ लावावेच लागते; ‘समटाइम्स’ चा अर्थ किल्ली आली तरच तपासा असा आहे, तो इथे उपयोगी नाही. पायथॉनच्या जँगोचा बूलियन, म्हणजे हो-नाहीचा, रकाना मूळात आवश्यक असतो, म्हणजे त्यावर खूण केलीच पाहिजे. ‘वाहन आहे’ साठी ते बंद करा. रेल्समध्ये ‘प्रेझेन्स’ नियम फॉल्सला रिकामे मानतो, हो-नाहीच्या रकान्याला ‘इन्क्लूजन’ वापरा. जावात ‘नॉट नल’ रिकाम्या स्ट्रिंगला अडवत नाही, ‘नॉट एम्प्टी’ स्पेसना अडवत नाही; मजकुराला ‘नॉट ब्लँक’ हवे. जावास्क्रिप्टच्या झॉड या तपासणी लायब्ररीत साध्या स्ट्रिंगच्या नियमाला रिकामी स्ट्रिंग चालते, आणि ‘कोअर्स’ (प्रकार जबरदस्तीने बदलणे) लावलेली संख्या रिकाम्या स्ट्रिंगचे शून्य करते.

संदेश रकान्यागणिक लिहा. ‘हे क्षेत्र आवश्यक आहे’ यापेक्षा ‘सदनिका क्रमांक लिहा’. संदेश रकान्यालगत दाखवा, स्क्रीन रीडरलाही तो कळावा म्हणून ‘एरिया डिस्क्राइब्डबाय’ ने जोडा, ‘एरिया इनव्हॅलिड’ लावा, पहिल्या चुकीवर फोकस न्या, आणि भरलेले बाकी सगळे जसेच्या तसे परत दाखवा. रकान्यात अजून काही टंकलेच नाही तोवर लाल करू नका.

आणि काय आवश्यक ठेवायचे याचा कडक विचार करा. मधले नाव किंवा आडनाव नसलेली माणसे असतात. त्यांना अडवले की ती टिंब, जोडरेघ किंवा ‘लागू नाही’ लिहितात, आणि मग रिकाम्या रकान्यापेक्षा वाईट असा खोटा भरलेला रकाना तुमच्याकडे जमतो. अशा शब्दांची काळी यादी करत बसण्यापेक्षा रकाना ऐच्छिक करा, किंवा शेजारी ‘आडनाव नाही’ असा चेकबॉक्स द्या.

प्रत्येक रकान्यासाठी सात किमतींची चाचणी लिहून ठेवा: किल्लीच नाही, रिकामी स्ट्रिंग, साधे स्पेस, न तुटणारा स्पेस, ‘०’, अॅरे, आणि एक बरोबर किंमत. नावाला कऱ्हाडे हे आडनाव जॉइनरसह द्या आणि साठवलेले अक्षरशः तेच आहे का ते ताडा.

कोड सुधारल्यावर जुन्या नोंदी राहतात. आधी बॅकअप घ्या, मग ऐच्छिक स्तंभांतल्या रिकाम्या आणि नुसत्या स्पेस असलेल्या स्ट्रिंगचे नल करा, ० ला हात न लावता. वाहनसंख्येतले कोणते शून्य खरे आणि कोणते गुपचूप झालेले हे डेटावरून कळणार नाही. त्या सभासदांना पुन्हा विचारावे लागेल. त्यानंतर रिकामी स्ट्रिंग नाकारणारे ‘चेक’ बंधन लावा. मायएसक्यूएल ते ८.०.१६ पासूनच पाळते. त्याआधीच्या आवृत्त्या ते वाचून सोडून देतात, त्यामुळे बंधन लावण्याआधी आवृत्ती बघून घ्या.